आधी गोळी की आधी चहा?

थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची या तीन गोळ्या म्हणजे सोसायटीच्या सभेतले तीन जुने सभासद. हजर तिघेही राहणार, पण शेजारी कुणीच बसणार नाही. त्यांची आसनव्यवस्था लावताना पंचांगवाल्याचीही बोटं दुखतील.

थायरॉईडची सकाळी 6 ला, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही, म्हणजे दिवसाची सुरुवातच उपोषणाने. लोह आणि कॅल्शियमने तिच्यापासून 4 तास लांब राहायचं, नाहीतर ती आतड्यात त्यांनाच चिकटून बसते आणि रक्तात पोहोचतच नाही. लोहाला पोट रिकामं लागतं, म्हणजे 8 च्या पोह्यांनंतर दोन-अडीच तासांनी. हिशेब करून 11 वाजतात आणि बरोबर त्याच मिनिटाला ऑफिसात चहावाला येतो. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात, तेव्हा गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद. माझ्या मते मराठी माणसाच्या लोहाचा खरा शत्रू गरिबी नव्हे, हा 11 चा कटिंग आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. लिंबू नसेल तर पेरू. पेरू तर लिंबापेक्षाही वरचढ.

पोट मळमळलं तर गोळी जेवणानंतर चालते. शोषण थोडं कमी, पण गोळी पोटात तरी राहते. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं की घाबरून दवाखाना गाठू नये, ते न शोषलेलं लोह आहे. डांबरासारखं चिकट असेल तर मात्र गाठावा. एक दिवसाआड घेतलं तर शरीर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त उचलतं, म्हणून डॉक्टर कधीकधी तसं सांगतात. आपल्या मनाने मात्र तसं ठरवू नये.

कॅल्शियमची कार्बोनेटवाली गोळी जेवणाबरोबर, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं, सायट्रेटवाली केव्हाही. डबीवर ‘1250’ वाचून हुरळू नका, तेवढ्या कार्बोनेटात कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच. एका वेळी त्याहून जास्त शरीरही नीट घेत नाही, त्यामुळे दोन गोळ्या एकदम गिळणं म्हणजे एकाच तिकिटाचे पैसे दोनदा भरणं. लोहापासून 2 तास लांब. झोपताना लोह घेणाऱ्यांनी त्या रात्री हळदीच्या दुधाला राम राम म्हणावा.

आता स्वयंपाकघराकडे. दिवसाला कॅल्शियम लागतं साधारण 1000 मिलिग्रॅम. नाचणीच्या 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून 170-180, 200 मिलिलिटर दुधातून 240, वाटीभर दह्यातून सव्वाशे-दीडशे. साडेपाचशेच्या आसपास इथेच जमलं. मग गर्भवती नसलेल्या, डॉक्टरांनी न सांगितलेल्या माणसाने रोज दोन गोळ्या कशासाठी खाव्यात? उरलेल्यासाठी एक पुरते. गोळी खात्याची तूट भरायला असते, खातं उघडायला नव्हे.

पालक आणि अळू मात्र फसवे सावकार. वहीवर कॅल्शियमची रक्कम मोठी, पण पानांतल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्याने कुलूप घातलेलं. पालक पनीर तर कमालच: पालकातलं लोह आधीच अडकलेलं, वर पनीरचं कॅल्शियम त्याच्या वाटेत आडवं. चवीसाठी खुशाल खावं, औषध म्हणून नव्हे. गुळाचंही तेच. चमचाभर गुळात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं आणि बाईला दिवसाला 29 लागतं. एवढा गूळ खाल्ला तर लोहाआधी साखरेचा रिपोर्ट येईल.

त्यापेक्षा मटकी भिजवून मोड आणावेत. मोडांमुळे फायटेट, म्हणजे कडधान्यातलं लोहाला धरून ठेवणारं द्रव्य, कमी होतं आणि लोह मोकळं होतं. उसळ लोखंडी कढईत करावी. आमसूल किंवा चिंच टाकली की आंबटपणाने कढईचंही थोडं लोह उतरतं. फक्त भाजी तशीच रात्रभर त्यात ठेवू नये, नाहीतर ती काळी पडते आणि चव लोखंडी पट्टी चाटल्यासारखी लागते. ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळावं. आणि जेवणानंतरचा चहा? तासाभराने.