पासिंग झालंय, पण कधी?

जुनी गाडी दाखवताना विकणारा बॉनेटच्या आधी फाइल उघडतो. "सर्टिफिकेट आहे साहेब, पासिंग झालेलंय, डोळे झाकून घ्या." मी मात्र चष्मा लावतो.

गेल्या महिन्यात मावसभावाबरोबर अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. कागद खरा, शिक्का खरा, तपासणी दहा महिन्यांपूर्वीची. म्हणजे त्या दिवशी ब्रेक धरत होते, दिवे लागत होते, स्टिअरिंगला जास्तीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. पुढच्या दहा महिन्यांत गाडी कुठे आदळली, ते कागदाला काय माहीत? पण त्याच कागदाच्या कोपऱ्यात तपासणीच्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग छापलेलं होतं: ६१ हजार आणि वर काही. मीटरवर ५८ हजार! विचारलं तर म्हणे टायपिंग मिस्टेक. मग मी खाली वाकून क्लच पेडलचं रबर बघितलं. एका कडेला घासून पार गुळगुळीत, म्हणजे गाडी मीटर सांगतं त्यापेक्षा जास्त पळालेली असणार. चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. तो लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागतच नसेल, तर दोष झाकायला दिवाच काढलेला असू शकतो.

आपली गल्लत इथेच होते. ही तपासणी सुरक्षेची असते, गाडी किती टिकेल याची नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षीची एमओटी चाचणी असते, तिच्यात इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासतच नाहीत, आणि हे तिथलं सरकार स्वतःच सांगतं. टायरचंही तेच. अनेक देशांत खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. १.८ असलेला टायर आज पास होतो आणि थोड्याच दिवसांत नवे टायर तुमच्या खिशातून. टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. खाच कितीही खोल दिसू दे, रबर म्हातारं झालेलं असतं.

चेसिस नंबर कागदाशी जुळवणं तर आलंच.

गाडी नावावर करताना ताजी तपासणी मागितली की लोक कुरकुरतात. मला ती मागणी योग्यच वाटते. फक्त तपासणी कुठे करायची हे विकणाऱ्याने ठरवू नये. आपला मेकॅनिक, आपला खर्च, आणि गाडी लिफ्टवर चढवूनच. त्याला नकार मिळाला तर मी चहासुद्धा न घेता निघतो, मग घरचे मला कितीही संशयी म्हणोत.

भावाने ती गाडी सोडली. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय," असं ऐकवून झालं होतं. दोन दिवसांनी बघितलं, तर जाहिरात तशीच होती. सर्टिफिकेटचा फोटो तेवढा काढून टाकला होता.