वॅटच्या आकड्याला भुलू नका, आणि अर्थची पिन तर मुळीच काढू नका

कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, जोडणाऱ्यांसाठी चार ओळींचा एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. तो असा: खोक्यावर सगळ्यात जास्त वॅट लिहिलेला ॲम्प्लिफायर घ्या, आवाज कमी वाटला तर कमी ओहमचे स्पीकर लावा, मागे सहा जोडण्या असल्या की सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, मिळालाच, आणि हम, म्हणजे स्पीकरमधून सतत घूं असा आवाज, येत असेल तर प्लगची अर्थ पिन काढून टाका. पहिल्या तीन सल्ल्यांनी पैसे वाया जातील. चौथ्याने माणूस दगावू शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा करंट अर्थच्या वायरने निघून जातो. पिन काढली की कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दिसू लागतं. करंट अगदी थोडा असल्याने हाताला फक्त मुंग्या येतात आणि लोक ते चालवून घेतात. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी गेलं, तर २३० व्होल्ट थेट ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर येतील, आणि फ्यूज उडवायला अर्थची वाटच उरलेली नसेल. घरात पोरंबाळं त्याच पत्र्याला हात लावतात.

हमचं कारण आधी शोधा. इनपुटची केबल ॲम्प्लिफायरच्या टोकाशी काढा. हम तसाच राहिला तर दोष आत आहे, बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात. हम थांबला तर कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर यांच्यात अर्थचा लूप झालाय, म्हणजे दोघांच्या अर्थ वायरी आणि ऑडिओ केबल मिळून एक बंद वर्तुळ झालंय, अशी दाट शक्यता. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे लूप जुळतच नाही.

आता वॅट. खोक्यावरचा ‘५००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल पॉवर) हा आकडा कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही, त्यामुळे छापणारा हवा तो छापतो. साधा हिशोब करून बघा. गीझरच्या १६ ॲम्पिअर सॉकेटमधून २३० व्होल्टला ३६८० वॅट मिळतात. मग टेबलावरचं यंत्र साध्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवरून ५००० वॅट देणार कुठून? हा खेळ जुना आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला तो अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे.

बघायचा तो ट्रान्सफॉर्मर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास ५.१चा तयार बोर्ड घेतलात, तर सोबत बहुधा १२-०-१२, ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर देतात. चोवीस गुणिले पाच, म्हणजे १२० व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता). क्लास एबी या नेहमीच्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही, प्रत्यक्षात ती बरीच कमी असते. साठ-सत्तर वॅट हाती लागले तरी ते सबवूफरसह सहा चॅनेलमध्ये वाटायचे आहेत. याउलट लॉजिटेकच्या झेड९०६चा हिशोब कसा मांडलेला आहे बघा: सबवूफरला १६५ वॅट, बाकी पाचांना प्रत्येकी ६७, मिळून ५००. अशी फोड जिथे दिलेली नाही, त्या आकड्यावर मी तरी पैसे लावणार नाही.

मोजणीही अवघड नाही. स्पीकरच्या जागी ४ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, ३०० हर्ट्झचा सूर वाजवा, आवाज हळूहळू वाढवत मल्टीमीटरवर एसी व्होल्ट बघा. पुढे आवाज वाढवूनही व्होल्ट वाढेनासे झाले की मर्यादा ओलांडली. थोडं मागे या. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, झाले वॅट. ८ व्होल्ट मिळाले तर १६ वॅट. मग पाचही चॅनेलवर असेच रेझिस्टर लावून सगळीकडे एकदम सूर द्या. आता त्याच चॅनेलला ६ व्होल्ट दिसले तर १६चे ९ वॅट झाले, म्हणजे पॉवर सप्लाय कमी पडतोय. रेझिस्टर चांगलेच तापतात, हात लावू नका.

आणि १६ वॅट ऐकून नाराज होऊ नका. ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर मीटरभर अंतरावर १ वॅटला ८५ डेसिबल देतो, १६ वॅटला ९७. टेबलाशी बसलेल्या माणसाच्या कानांना हे रोज तासन्‌तास सोसणारं नाही. वॅट दुप्पट झाले तर वाढतात फक्त ३ डेसिबल; आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

कमी ओहमचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. ८ ओहमसाठी बनलेल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर लावला की तो जवळपास दुप्पट करंट ओढतो, आणि आधीच अपुरा असलेला ट्रान्सफॉर्मर आणि आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) दोन्ही तापतात. त्यामुळे मागे लिहिलेल्या ओहमच्या खाली जाऊ नका.

राहिला सराउंड. स्वस्त बोर्डांपैकी अनेकांना इनपुट फक्त डावं-उजवं असतं. त्यातून मागच्या स्पीकरांना कुठे पुढचाच आवाज दिला जातो, तर कुठे डावा वजा उजवा असा फरक. ब्लूटूथनेही नेहमीच्या जोडणीत दोनच चॅनेल येतात. ऑप्टिकलमधून ५.१ येतं, पण डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबलेल्या रूपात, म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये ते उलगडणारा डिकोडर हवा. डिकोडर नसेल तर कॉम्प्युटरमधून ३.५ मिमीच्या तीन केबल आल्या पाहिजेत: पुढचे, मागचे, आणि सेंटर-सबवूफर. घेण्याआधी दुकानातच लॅपटॉप जोडा, त्याला तीन जॅक नसतील तर यूएसबीचं ५.१ साउंड कार्ड सोबत न्या. विंडोजमधली स्पीकर टेस्ट लावा. मागच्या डाव्याची पाळी आली की फक्त मागचा डावाच बोलला पाहिजे.