पूर्वग्रह रक्तातून येत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परक्यांचा तिटकारा निसर्गानेच दिलेला आहे, तीन महिन्यांचं बाळही आपल्याच वंशाच्या चेहऱ्याकडे बघतं. एखाद्या समाजाबद्दल लोक वाईट बोलतात ते उगाच नाही, अनुभवावरून बोलतात. आणि वेगळ्या लोकांना एकत्र आणलं की भांडणं पेटणारच. तिन्ही मुद्दे शास्त्राचं नाव घेऊन येतात, म्हणून भले भले लोकही तो पुढे पाठवतात.

बाळाचा दाखला अर्धाच दिलेला आहे. २००५ सालच्या ज्या अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांचा असा कल दिसला, त्यातच नवजात बाळांमध्ये तो अजिबात दिसला नव्हता. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या इथिओपियन कुटुंबांतली बाळं तपासली. रोज काळे आणि गोरे असे दोन्ही वर्णांचे चेहरे पाहणाऱ्या त्या बाळांनी कुठल्याच बाजूला झुकतं माप दिलं नाही. म्हणजे बाळ सवयीच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं, एवढंच. त्याला तिटकारा म्हणायचं कशाच्या आधारावर?

दुसरा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो अगदी समंजस वाटतो. 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही' म्हटलं की समोरचा गप्पच बसतो. पण १९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी आगीशिवाय धूर काढून दाखवला. त्यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. २६ वाक्यं 'अ' गटातल्या माणसांबद्दल, १३ 'ब' गटातल्या. 'अ' गटाची १८ कामं चांगली, ८ वाईट. 'ब' गटाची ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखं. तरीही वाचणाऱ्यांना 'ब' गटाची वाईट कामं प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटली आणि तो गटच कमी बरा ठरला. लहान गट आधीच नजरेत भरतो, वाईट कामही विरळ म्हणून लक्षात राहतं. दोन्ही एकत्र आली की मनात गाठ पक्की बसते. पुढच्या प्रयोगात त्यांनी चांगली कामं विरळ ठेवली, तर तोच लहान गट लोकांना जास्त चांगला वाटला! इथे कुणीच खोटं बोललेलं नाही, कुणी कान भरलेले नाहीत. सगळे 'स्वतः वाचलेल्या' गोष्टींवरूनच बोलत होते. अल्पसंख्य समाजातल्या एका माणसाचा गुन्हा सगळ्या समाजाच्या माथी मारला जातो आणि बहुसंख्याकांमधल्याचा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर राहतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

माणूस गट पाडतो, हे मात्र मलाही मान्य आहे. पण कुठली रेघ महत्त्वाची, हे मुलं मोठ्यांकडे बघून शिकतात. १९९७ साली रेबेका बिग्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट घातले. ज्या वर्गांत शिक्षक रंगावरून मुलांना बसवत आणि कामं देत होते, तिथली मुलं आपल्या रंगाला चांगलं म्हणू लागली. ज्या वर्गांत शिक्षकांनी रंगाकडे दुर्लक्ष केलं, तिथे टी-शर्ट तेच असूनही हा भेद उभा राहिला नाही.

उरला मारामारीचा मुद्दा. त्यासाठी मजकुरात समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात प्रयोग म्हणून भरवलेल्या शिबिराचा दाखला आहे: २२ मुलगे, दोन गट, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. ही भांडणं खरीच झाली. पण ती नुसती समोरासमोर आल्याने पेटली नव्हती. जिंकणाऱ्यांना चाकू आणि पदकं, हरणाऱ्यांना काहीच नाही, अशा स्पर्धा मोठ्यांनी मुद्दाम लावल्या होत्या. नंतर पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक अडकला, अशा अडचणीही त्यांनीच उभ्या केल्या. सगळ्यांनी मिळून दोर ओढल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. मुलांनी दोर ओढला, आणि शिबिर संपेपर्यंत वैर बरंचसं ओसरलं होतं. त्याआधी १९५३ साली शेरीफ यांनी असाच प्रयोग केला होता. तेव्हा मुलांची आधी एकमेकांशी मैत्री झाली होती. मग गट पाडले, तरी ती हवी तशी भांडेनात, आणि प्रयोग अर्ध्यावर गुंडाळावा लागला. फिरणाऱ्या मजकुरात त्या वर्षाचा उल्लेखही नाही.