खुलासा: व्हॅनगार्डचा नफा नेमका कोणाला मिळतो?

‘ॲपलपासून कोका-कोलापर्यंत सगळ्यांची मालक व्हॅनगार्ड, आणि व्हॅनगार्डचा नफा मूठभर गुप्त घराण्यांच्या खिशात’ असा मजकूर अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड या गुंतवणूक कंपनीबद्दल पुन्हा फिरतो आहे. पहिला भाग अर्धवट आहे, दुसरा साफ चुकीचा.

व्हॅनगार्डचा शेअर बाजारात मिळतच नाही. जॉन बोगल यांनी १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ही कंपनी उभी केली, तेव्हाच मालकी तिच्या अमेरिकी फंडांकडे ठेवली. म्हणजे पर्यायाने त्या फंडांत पैसे घालणाऱ्यांकडे. ॲपलचे शेअर घेतले जातात तेही गुंतवणूकदारांच्याच पैशांतून. बाहेरचा भागधारकच नाही, तर लाभांश द्यायचा कोणाला? खर्च भागून उरतं त्यातून शुल्क उतरवलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ८७ फंडांचं शुल्क घटवलं, सरासरी ०.०७ टक्क्यांवर आली. १०,००० डॉलरमागे वर्षाला ७ डॉलर!

अर्थात, स्वस्त म्हणजे सुरक्षित नव्हे. २०२२ मध्ये त्यांचा एस अँड पी ५०० फंडही (अमेरिकेतल्या सुमारे ५०० बड्या कंपन्यांत पैसे घालणारा) सुमारे १८ टक्के आपटलाच. आणि एवढे शेअर हाती असताना कंपन्यांच्या सभांत मतं कशी द्यायची, हा वाद मात्र खरा आहे. भांडायचं तर त्यावर भांडावं.