कांजिण्या आणि कान

कांजिण्या लहानपणी आल्या तर लाड होतात, मोठेपणी आल्या तर हसं होतं. "या वयात?" असं म्हणत डॉक्टरांनीही आधी हसून घेतलं आणि मग गंभीर चेहरा करून सांगितलं, की शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे सुटकेची तारीख फोडांच्या हातात, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यातून हा विषाणू हवेतूनही पसरतो, त्यामुळे दाराच्या फटीतून गप्पा मारायची सोयही गेली. घरातली मंडळी ताट दाराशी ठेवून टकटक करत आणि मी कडी काढेपर्यंत पसार होत.

भेटायला येता येत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी फोनवरून यायला सुरुवात केली. "कसं वाटतंय?" अंगभर खाज सुटली आहे, याहून वेगळं काय वाटणार? पण लोकांना उत्तर नकोच असतं. त्यांच्या ओळखीत कुणाला तरी कांजिण्या झालेल्या असतात, ती कथा ऐकवायची असते, आणि त्या कथेतल्या माणसाचे हाल माझ्यापेक्षा हमखास जास्त असतात. आत्याचा फोन तर शेअर बाजाराच्या वेळा पाळून यायचा. उघडताना फोड किती, बंद होताना किती.

शेवटी मी हेडफोन लावले.

सुरुवात अर्थातच गाण्यांनी झाली. एकांतवास म्हणजे दर्दभरी गाणी, असा माझा समज. ती खरोखर बरी वाटत होती. आपल्यापेक्षा दुःखी कुणीतरी तालासुरात रडतंय, याचं एक समाधान असतं. पण ॲपने ते फारच मनावर घेतलं. दोन विरहगीतं काय ऐकली, त्याने माझी कायमची ताटातूट झाली आहे असं गृहीत धरून फक्त त्याच मालाचा पुरवठा सुरू केला. म्हणून शफल दाबलं, तर लागोपाठ तोच गायक. खरी सरमिसळ अशीच असते म्हणे, तीत एकाच गायकाची गाणी शेजारी शेजारी येऊ शकतात. पण ऐकणाऱ्यांना वाटतं, यंत्र लबाडी करतंय. म्हणून ॲपलने २००५ साली आयट्यून्समध्ये अशी शेजारची गाणी लांब ढकलायची सोय दिली. सरमिसळ अधिक खरी वाटावी म्हणून ती थोडी खोटी केली. हे मला फार माणसासारखं वाटलं.

मग एका गाण्याची अर्धी ओळ डोक्यात अडकली. अंगाला बाहेरून खाज, डोक्याला आतून. बाहेरच्या खाजेवर निदान लोशन तरी असतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की च्युइंग गम चघळल्याने अशी अडकलेली गाणी कमी छळतात, कारण मनातल्या मनात गुणगुणतानाही बोलण्याचीच यंत्रणा कामाला लागते आणि जबडा दुसरीकडे गुंतला की तिची पंचाईत होते. उपाय सोपा आणि स्वस्त. फक्त माझ्या तोंडातही फोड आले होते.

तेव्हा पॉडकास्टकडे वळलो आणि माणसांत आलो. दोघं जण तासभर बोलायचे, एकमेकांना तोडायचे, स्वतःच्याच विनोदावर खिदळायचे. आधी मी ऐकत होतो, मग हसायला लागलो, आणि पुढे चक्क "नाही नाही, तसं नाही ते" असं त्यांना सुनवायला लागलो. दाराबाहेर ताट ठेवणारं पाऊल क्षणभर थबकायचं. याला वेड म्हणत नाहीत, हे मी घरच्यांना पुराव्यानिशी सांगू शकलो असतो. रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी होणाऱ्या अशा एकतर्फी मैत्रीवर हॉर्टन आणि वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ मध्येच निबंध लिहून ठेवला आहे.

त्याच १९५६ सालच्या एप्रिलमध्ये आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. हेही मला पॉडकास्टनेच सांगितलं. चार भिंतींच्या खोक्यात अडकलेला मी, लोखंडी खोक्यांनी जगाचा व्यापार कसा पालटला ते तल्लीन होऊन ऐकत होतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि पोहताना त्यातलं एक थांबतं, हेही कळलं. या माहितीचा मला काडीचा उपयोग नव्हता, आणि औषध लागू पडलं ते तिथेच. त्या माणसांना माझे फोड माहीत नव्हते. त्यांनी मला कसं वाटतंय ते विचारलं नाही, मलमाचं नाव सांगितलं नाही. त्यांना ऑक्टोपसची काळजी होती. तेवढा वेळ मीही ऑक्टोपसचीच करायचो.

गुन्हेगारी कथांच्या वाटेला मात्र एकट्याने जाऊ नये. एका रात्री खुनी दाराशी येऊन पोचला आणि त्याच क्षणी माझ्या दारावर टकटक झाली. दूध होतं. ते गार झाल्यावर घेतलं.

आत्याचा फोन चालूच होता. एकदा फोडांचा आकडा सांगायचा कंटाळा आला म्हणून तिला ऑक्टोपस सांगितला. मग म्हटलं, तूच ऐक ना, आणि लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी फोन वाजला.

"अरे, तो मुलगा त्या मुलीला बोलूच देत नाही!" आत्या कडाडली.

मी त्याची बाजू घेतली. आमचं चांगलंच जुंपलं. मग ती कंटेनरवर आली, तिथून त्या मुलीच्या गोड हसण्यावर, तिथून पुढच्या भागात काय असेल त्यावर. फोड किती, हा प्रश्न काही येईना. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी न राहवून आपणहून सांगितलं, "आत्या, आज नवीन एकही नाही आला."

"नवीन भाग ना? मी पण बघितलं मघाशी," आत्या म्हणाली. "गुरुवारी येणार आहे."