‘ट्रम्प यांनी पक्ष पळवला’ : एका लाडक्या समजाची झडती

अमेरिकेच्या उजव्या राजकारणाविषयी मराठीत जे काही फॉरवर्ड होतं, त्यातला सर्वांत लोकप्रिय सिद्धांत थोडक्यात असा : अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह विचार म्हणजे मुक्त व्यापार, लहान सरकार, स्थलांतरितांचं स्वागत आणि जगभरच्या मित्रराष्ट्रांची पाठराखण. संपादक-लेखक विल्यम बकली यांनी त्याची बैठक घातली आणि माथेफिरूंना बाहेरचा रस्ता दाखवला. रोनाल्ड रेगन यांनी तो विचार व्हाइट हाउसमध्ये नेला. मग २०१६ साली न्यूयॉर्कचा एक बिल्डर आला आणि अख्खा पक्ष पळवून घेऊन गेला. तो गेला की सगळं पूर्ववत.

पक्ष पळवण्याचा प्रकार आपल्याला चांगला ठाऊक असल्यामुळे ही गोष्ट चटकन पटते. पण तिथे कुणी आमदार घेऊन गुवाहाटीला गेलं नव्हतं, की आयोगाने चिन्ह काढून दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या २०१६ च्या प्राथमिक निवडणुकांत सुमारे १ कोटी ४० लाख रिपब्लिकन मतदारांनी ट्रम्प यांना मतं दिली. ती एकूण मतांच्या निम्म्याहून कमी होती हे खरं, पण सतरा उमेदवारांच्या त्या गर्दीत दुसरा कुणी त्यांच्या जवळपासही पोहोचला नाही. हे मतदार आले कुठून, हे कळायला हवं असेल तर एकेक दावा तपासावा लागेल.

दावा : मुक्त व्यापार हा रिपब्लिकन पक्षाचा कुळधर्म आहे

कुळधर्मच काढायचा तर तो आयातकराचा निघेल. १८५४ मध्ये जन्मलेला हा पक्ष पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं कारखान्यांना संरक्षण देणारा पक्ष म्हणूनच ओळखला जात होता. १८९० च्या जबर आयातकराच्या कायद्याला विल्यम मॅकिन्ली यांचं नाव आहे, आणि हे मॅकिन्ली पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९३० च्या आयातकराच्या स्मूट-हॉली कायद्यातले स्मूटही रिपब्लिकन, हॉलीही रिपब्लिकन आणि त्यावर सही करणारे हर्बर्ट हूव्हरही रिपब्लिकनच. २०२५ च्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प यांनी मॅकिन्लींचे गोडवे गायले, तेव्हा अनेकांना तो विक्षिप्तपणा वाटला. प्रत्यक्षात ते पक्षाच्या जुन्या वहीतलं पान वाचत होते.

‘ते जुनं झालं, रेगन वेगळे होते’ असं यावर उत्तर येतं. रेगन यांचा व्यापारावर विश्वास होता यात शंका नाही. कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार त्यांचाच. पण १९८१ मध्ये जपानने अमेरिकेत वर्षाला १६ लाख ८० हजारांहून जास्त मोटारी पाठवायच्या नाहीत, असं ‘स्वेच्छेने’ कबूल केलं, ते त्यांच्याच सरकारच्या दबावाखाली. १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनी गाळात गेली होती, तेव्हा ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून थेट ४९.४ टक्क्यांवर गेला. १९८७ मध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के कर लागला. आणि रेगन पदावर असतानाच, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, ट्रम्प नावाच्या बिल्डरने तीन मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या : जपान आपल्या जिवावर श्रीमंत होतो आहे, त्याच्या संरक्षणाचा खर्च आपण का करायचा? हा माणूस २०१६ साली आभाळातून पडला नाही.

दावा : लहान सरकार

याच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. रेगन यांच्या आठ वर्षांत केंद्र सरकारचं कर्ज जवळपास तिप्पट झालं. रिचर्ड निक्सन यांनी १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था उभी केली आणि १९७१ मध्ये चक्क पगार आणि किमती गोठवल्या. धाकट्या बुश यांनी २००३ मध्ये वृद्धांच्या औषधखर्चाचा मोठा भार सरकारवर घेतला.

एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. ‘सरकार हा आपल्या समस्येवरचा उपाय नाही, सरकार हीच समस्या आहे’ हे रेगन यांचं १९८१ च्या शपथविधीतलं वाक्य सगळीकडे सुविचारासारखं फिरतं. मूळ वाक्याची सुरुवात ‘सध्याच्या या संकटात’ अशी आहे, आणि नेमके तेवढेच शब्द कापले जातात. त्याच भाषणात पुढे ते सांगतात की गैरसमज नको, सरकार मोडीत काढण्याचा माझा इरादा नाही, ते नीट चालवायचं आहे. १९८३ मध्ये त्यांनीच सोशल सिक्युरिटी ही निवृत्तांच्या पेन्शनची सरकारी योजना वाचवण्यासाठी पगारावरचा कर वाढवला आणि निवृत्तीचं वय हळूहळू ६७ पर्यंत नेण्याची तजवीज केली. म्हणजे रेगन यांच्या नावाने फिरणारे रेगन खुद्द रेगन यांच्यापेक्षा कडवे आहेत.

दावा : स्थलांतरितांचं स्वागत

इथे दाव्यात निम्मं सत्य आहे. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना अधिकृत दर्जा मिळाला आणि त्यावर सही रेगन यांची होती. पण आशियातल्या लोकांना दारं बंद करणाऱ्या १९२४ च्या कायद्यावर सही करणारे कॅल्विन कूलिजही याच पक्षाचे. ‘अमेरिका अमेरिकनच राहिली पाहिजे’ असं ते १९२३ मध्ये संसदेला सांगून चुकले होते. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात बेकायदा स्थलांतरितांच्या सरकारी सेवा तोडण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तो रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी उचलून धरला आणि जनतेने मंजूर केला. २००७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश यांचा स्थलांतर सुधारणेचा बेत त्यांच्याच पक्षाने हाणून पाडला.

सगळ्यात बोलकी घटना जून २०१४ ची. एरिक कँटर हे प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते, पुढचे सभापती मानले जाणारे. व्हर्जिनियातल्या त्यांच्याच मतदारसंघात, प्राथमिक निवडणुकीत, अर्थशास्त्राच्या एका अपरिचित प्राध्यापकाने त्यांना घरी बसवलं. डेव्हिड ब्रॅट हे त्यांचं नाव. त्यांच्याकडे पैसा नव्हता. ते स्थलांतरितांच्या प्रश्नावर कँटर यांच्यामागे हात धुऊन लागले होते. ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली ती त्यानंतर वर्षभराने.

एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मंडळींना ‘बेकायदा लोकांवरच राग आहे, आपल्यासारख्या शिकलेल्यांवर नाही’ अशी एक खात्री असायची. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची सल्लागार म्हणून नेमणूक होताच या व्हिसावरून ट्रम्प समर्थकांतच जुंपली. व्हिसाच्या बाजूने इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी, विरोधात ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क बसलं. ज्यांनी १९२४ ठाऊक करून घेतलं होतं, त्यांना याचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

दावा : बकलींनी माथेफिरूंना हाकललं

हा या सिद्धांताचा सर्वांत देखणा भाग, आणि म्हणून सर्वांत फसवा. बकली बुद्धिमान होते, वादात हजरजबाबी होते, आणि १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ काढून त्यांनी बाजारवादी, धर्मनिष्ठ आणि कम्युनिस्टविरोधी अशा तीन तऱ्हांच्या माणसांना एका पंगतीला बसवलं. हे काम मोठंच. पण ‘हाकललं’ म्हणजे नेमकं काय केलं?

जॉन बर्च सोसायटी ही १९५८ मध्ये निघालेली संघटना. तिचे संस्थापक रॉबर्ट वेल्च हे गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यातले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे कम्युनिस्ट कटाचे जाणते हस्तक आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. होय, दुसरं महायुद्ध जिंकून देणारे सरसेनापती आयझेनहॉवर. १९६२ मध्ये बकलींनी वेल्च यांच्यावर तोफ डागली, पण सोसायटीच्या सदस्यांना हात लावला नाही. संघटनेशी पूर्ण फारकत घेतली ती १९६५ मध्ये. मधल्या काळात, १९६४ ला, बॅरी गोल्डवॉटर यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी उभी करायची होती, आणि घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांत बर्चवाले पुष्कळ होते. गरज होती तोवर सदस्य चालत होते, असं मी म्हटलं तर बकलीभक्त चिडतील. तारखा मात्र माझ्या बाजूने आहेत. शिवाय मासिकातून हाकललेला माणूस मतदारयादीतून जात नाही.

त्याच मासिकाचा ऑगस्ट १९५७ चा अग्रलेखही विसरला जातो. दक्षिणेत गोरे संख्येने कमी असतील तिथेही वर्चस्व त्यांचंच राहायला हवं, कारण तूर्त तो पुढारलेला वंश आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. ती भूमिका चुकीची होती हे बकलींनी उतारवयात मान्य केलं. पण १९६४ मध्ये वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे गोल्डवॉटर जी सहा राज्यं जिंकले, त्यांत त्यांचं स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकी पाचही खोल दक्षिणेतली होती. सिनेटमधल्या २७ रिपब्लिकनांनी त्याच कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, विरोधात फक्त सहा. सहा जणांतला एक उमेदवार झाला आणि पक्षाची पुढची दिशा त्याच्यामागे गेली.

दावा : जगाची जबाबदारी घेणारा पक्ष

१९४९ मध्ये नाटो करार सिनेटमध्ये ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. त्या १३ जणांत रॉबर्ट टाफ्ट होते, ज्यांना सगळे ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. १९५२ मध्ये आयझेनहॉवर निवडणुकीत उतरले ते बऱ्याच अंशी टाफ्ट यांच्या हाती पक्ष जाऊ नये म्हणून. ही भाऊबंदकी तेव्हापासूनची आहे. शीतयुद्धाने तिच्यावर झाकण ठेवलं, सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते उडालं. १९९२ मध्ये पॅट ब्यूकॅनन यांनी ‘अमेरिका फर्स्ट’ म्हणत, सीमेवर कुंपण मागत, विद्यमान राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्याविरुद्ध न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत ३७ टक्के मतं घेतली. १९९६ मध्ये तर ते राज्य त्यांनी जिंकलंच.

आता १३ फेब्रुवारी २०१६. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये वादसभा. हे लष्करी तळांचं, निवृत्त सैनिकांचं, बुश घराण्याला मानणारं राज्य. धाकट्या बुश यांचे भाऊ जेब बुश व्यासपीठावर. ट्रम्प तिथे म्हणाले की इराकचं युद्ध ही घोडचूक होती आणि सरकार महासंहारक अस्त्रांबद्दल खोटं बोललं. सभागृहाने हुर्यो उडवली. माणूस संपला, असं जाणकारांनी लिहिलं. आठवड्याने मतदान झालं, ट्रम्प राज्य जिंकले आणि त्याच रात्री जेब बुश शर्यतीतून बाहेर पडले.

पळवल्याच्या तक्रारीत एक भाग मात्र पूर्ण खरा आहे आणि तो या यादीत सहसा नसतो. टाफ्ट १९५२ च्या अधिवेशनात हरले, मनात कडवटपणा ठेवूनही त्यांनी आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिला. गोल्डवॉटर पार धुऊन निघाले आणि त्यांनी निकाल मान्य केला. ब्यूकॅनननेही थोरल्या बुश यांचाच प्रचार केला. हरलेली निवडणूक हरलो नाही म्हणणं आणि ६ जानेवारी २०२१ चा संसदेवरचा हल्ला घडवणाऱ्यांना माफी देणं, याला त्या परंपरेत कुठेही आधार सापडत नाही. आयातकर जुनाच आहे. नवं आहे ते हे.

दावा : ट्रम्प गेले की सगळं पूर्ववत

हा प्रयोग २०२४ च्या शर्यतीत करून झाला आहे. ट्रम्प यांचे आधीचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये भाषण करून पक्षापुढे सरळ निवड ठेवली : रेगन यांचा विचार की लोकानुनय. ऑक्टोबर संपण्याआधी, एकही मत पडायच्या आत, त्यांना माघार घ्यावी लागली. मग निक्की हेली टिकून राहिल्या. युक्रेनला मदत, कर्जाला आळा, मित्रराष्ट्रांशी इमान, सगळं जुन्या पाठानुसार. त्या वॉशिंग्टन डीसी आणि व्हरमाँट जिंकल्या. ज्या साउथ कॅरोलायनाच्या त्या गव्हर्नर होत्या, तिथे सुमारे ६० विरुद्ध ४० अशा फरकाने हरल्या. जुलैमध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात त्यांनी ट्रम्प यांना ठाम पाठिंबा जाहीर केला. त्याच व्यासपीठावरून ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनचे अध्यक्ष शॉन ओब्रायन बड्या कंपन्यांवर तुटून पडले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी आपल्या भाषणात ओहायोतल्या बंद पडलेल्या कारखान्यांचा हिशेब मांडला, आणि त्यात कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारालाही सोडलं नाही. त्या कराराला १९९३ मध्ये प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांची १३२ मतं पडली होती, डेमोक्रॅटांची १०२.