रात्रपाळी कोण बंद करतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बालकं होती. त्यानंतर तिथे पोहोचलेल्या एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. तो व्हिडिओ मी इथे ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये पाहिला आणि अजूनही आठवला की अंगाची लाही होते. रिकाम्या पदांवर, औषधांच्या तुटवड्यावर चर्चा झालीच. पण लोकांच्या लक्षात राहिला तो झाडू.

मार्च २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या घरच्यांकडे दहा लाखांची अनामत मागितली गेली, पुढे दुसरीकडे प्रसूती होऊन ती दगावली, तेव्हाही राग असाच उसळला. राग रास्तच होता. पण आपला राग नेहमी एका दारापाशी जाऊन थांबतो: समोर दिसणारा डॉक्टर, नाहीतर काउंटरवरचा माणूस. त्याच्यामागे कोण बसलंय, हे विचारायची आपल्याला सवयच लागलेली नाही. ती सवय कशी लागते, हे मला इथल्या एका जुन्या मालिकेत दिसलं.

‘कॅज्युअल्टी’ ही बीबीसीची मालिका ६ सप्टेंबर १९८६ ला, शनिवारी रात्री सुरू झाली आणि आजही चालू आहे. होल्बी नावाच्या काल्पनिक शहरातल्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग, एवढंच तिचं जग. तेव्हा चित्रीकरण ब्रिस्टलला व्हायचं, २०११ पासून ते आमच्या कार्डिफला होतं. पहिला हंगाम पंधरा भागांचा. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन तरुण लेखकांनी तो उभा केला तो पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाला कात्री लागत असताना. आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ ला सुरू केलेली ही सेवा डोळ्यांदेखत खिळखिळी होतेय, ही त्यांची तळमळ होती.

म्हणून त्या हंगामात अपघात, भाजलेले, दारू पिऊन आलेले असे रुग्ण दर शनिवारी येतात-जातात, पण खरा पेच एकच राहतो: खर्चकपातीत रात्रपाळी टिकणार की जाणार? म्हणजे खलनायक वॉर्डात नाहीच. आणि मध्यभागी डॉक्टरही नाही, तर चार्ली फेअरहेड हा परिचारक आहे. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतल्या पीट सॉल्ट या खऱ्या परिचारकावरून तो बेतलेला. डेरेक थॉम्पसन यांनी ती भूमिका २०२४ पर्यंत केली. बीबीसी राजकारण करते, अशी ओरड थॅचर यांच्या हुजूर पक्षातून झाली. लोकांच्या परवाना शुल्कावर चालणारी वाहिनी सरकारला अडचणीत आणणारी मालिका दाखवते आणि ती बंद होत नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्या मराठी मालिकांत रुग्णालय येतं ते नायिकेचा अपघात झाला की. परिचारिका दारातून डोकावून ‘पेशंट शुद्धीवर आलाय’ म्हणते आणि जाते. तिच्या पाळीला आज माणसं किती कमी आहेत, हे कुणी बोलत नाही.

आता इथलं सगळं गोड नाही, हेही स्पष्ट सांगते. माझ्या मुलाचं मनगट मोडलं त्या रात्री आम्ही संध्याकाळी आत गेलो आणि प्लास्टर होऊन बाहेर आलो तेव्हा उजाडलं होतं. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून स्ट्रेचर उभे होते, त्यांवर म्हातारी माणसं, आणि एकच परिचारिका प्रत्येकाचा हात धरून ‘अजून थोडा वेळ’ म्हणत फिरत होती. ९५ टक्के रुग्णांना चार तासांत तपासून घरी सोडायचं किंवा वॉर्डात हलवायचं, हे इंग्लंडमधलं उद्दिष्ट २०१५ पासून गाठलेलं नाही. आणि इथे सगळं फुकट असतं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की आमच्यासारख्या व्हिसावाल्यांकडून वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच वसूल होतो.

पण त्या रात्री आमच्याकडे अनामत कुणी मागितली नाही. माझ्या मामांना जिल्ह्याच्या गावी अपघातानंतर दाखल केलं होतं, तेव्हा माझा भाऊ चिठ्ठी घेऊन मध्यरात्री मेडिकल शोधत पळत होता. चिठ्ठीवर सलाईन होतं, सुया होत्या, हातमोजेसुद्धा होते. हा फरक पैशाच्या पलीकडचा आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या परिचारिकांनी त्यांच्या संघटनेच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून त्यांना पाठिंबा देत होत्या. सगळेच खूश होते असं नाही, पण त्या का उभ्या आहेत हे बहुतेकांना कळत होतं. दर शनिवारी रात्री घराघरांत रात्रपाळीचे हाल पाहिलेल्या लोकांना ते कळणारच. आपल्याकडे मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला डोळ्याला गंभीर इजा होईपर्यंत मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले, तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरलं’ हेच जास्त ऐकू आलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे. तो असूनही मार चुकत नाही, कारण वॉर्डातला माणूसच आपल्याला व्यवस्था वाटतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. फुले योजनेचं कवच पाच लाखांवर नेण्याचा निर्णयही झाला. हे मोठं काम आहे, आणि ते टिकवायचं तर लोकांना ते आपलं वाटलं पाहिजे. माझी मराठी वाहिन्यांना कळकळीची विनंती आहे: एक हंगाम जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात घडवा. त्यात परिचारिका, वॉर्डबॉय, १०८ चा चालक, बाकावर झोपलेले नातेवाईक येऊ द्या. पहिल्या भागात चिडलेला मुलगा डॉक्टरच्या अंगावर धावून जाऊ दे, पण दहाव्या भागापर्यंत त्या रिकाम्या पदांची फाइल मंत्रालयात कुणाच्या टेबलावर अडलीय, हे त्याला आणि आपल्याला कळू दे.